झाडं तुझ्या आधी गेली

रंजना,

सगळे म्हणतात, तू गेलीस आणि तुझ्या मागोमाग गच्चीवरची झाडंही गेली.

पहिल्यांदा मनमाडची आत्या म्हणाली. सुतक फिटलं, घर धुऊन झालं आणि ती गोधड्या वाळत घालायला वर गेली. लगेच खाली आली, गोधड्या हातातच. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून म्हणाली, "अरे विजय, वर जाऊन बघ. एक हिरवं पान नाही राहिलं रे. मालकीण गेली अन् झाडांनी जीव सोडला. मुक्या जिवाला आपल्यापेक्षा जास्त कळतं बाबा." आपली मीनल माझ्या गळ्यात पडून रडली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "त्यांचा हातच तसा होता, झाडांना दुसरा हात चालला नसता." आता ही गोष्ट इंदिरानगरातल्या आपल्या अख्ख्या गल्लीला माहीत झाली आहे. मीनलनं ती पुण्याला तिच्या मैत्रिणींना सांगितली. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. मी मान हलवतो.

तू असतीस तर पदर खोचून विचारलं असतंस, "आत्याबाई, झाडं काय सती जातात का?"

म्हणून हे तुला लिहितो आहे. लोक म्हणतात ते खरं नाही. झाडं तुझ्या मागे गेली नाहीत, तुझ्या आधी गेली. तू खालच्या खोलीत पडून होतीस तेव्हा, तुझ्या डोक्यावरच्याच स्लॅबवर, एकेक करून गेली. आणि मी रोज तुझ्या उशाशी बसून सांगत होतो की सगळं छान चाललंय.

रो-हाऊस घेतलं त्याच वर्षी तू रंगाचा एक रिकामा डबा वर नेलास, खाली भोकं पाडलीस आणि मेथी पेरलीस. मी म्हणालो, स्लॅब गळेल. तू म्हणालीस, "गळू द्या. मेथी खाताना वर बघू नका म्हणजे झालं." डब्यांचे पुढे ड्रम झाले. दोडक्याचा वेल टीव्हीच्या डिशवर चढला आणि ऐन मॅचमध्ये चित्र गेलं, तेव्हा मी वर जाऊन वेल ओढून काढला, तर तू दुसऱ्या दिवशी डिशचंच तोंड फिरवून ठेवलंस. स्लॅब गळेल की नाही हे आपलं भांडण कधी संपलंच नाही. तो गळला नाही, हे मी तुला एकदा कबूल करायला हवं होतं.

तुझं माहेर सटाण्याकडचं, डाळिंबाच्या बागांतलं. चिडलीस की अहिराणीत शिरायचीस. "तुम्हले काय समजस!" हे तर मीनलनं बोलायला शिकल्यावर आधी पाठ केलं. आणि मला खरंच काही समजत नव्हतं. मी अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा माणूस. सुटे भाग मोजून घेतो, मोजून देतो. तू सांगायचीस, "पाणी बादलीनं मोजू नका हो. मातीत बोट घालून बघा. वरून ओली दिसते, आत कोरडी असते." मी हो म्हणायचो आणि पेपर वाचायचो.

आपलं डाळिंबही तू माहेरूनच आणलंस. सुरेशच्या बागेतलं कलम, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं होतं म्हणे, "मावशी, बाळाचं अर्धं तिकीट काढू का?" तू निळ्या ड्रममध्ये ते लावलंस आणि पहिलं फळ तडकलं तेव्हा अर्धं शेजारच्या वहिनींना देऊन टाकलंस. मी रुसलो होतो. खरंच रुसलो होतो, एवढ्याशा अर्ध्या डाळिंबासाठी. आज आठवलं की वाटतं, तेव्हा माझ्याकडे रुसायला वेळ होता, तू होतीस, आणि गॅसवर तुझी हिरवी वांगी भाजली जात होती. त्या भरताचा वास रस्त्याच्या वळणापर्यंत यायचा. मी बसमधून उतरतानाच ओळखायचो की आज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आहे.

संक्रांतीनंतर तुला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले हृदय कमजोर झालंय, आता जिना बंद. तू त्यांना विचारलंस, "उतरलेलं चालेल का? चढणार नाही, नुसती उतरेन."

डॉक्टर हसले. "मग वर कशा जाल?"

"हे नेतील की उचलून."

घरी आल्यावर मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि म्हणालो, पाणी मी घालीन, तू फक्त काय करायचं ते सांग.

सुरुवातीला मी खरंच घातलं. कंपनीची बस यायच्या आधी पाइप लावायचो, सगळ्या ड्रमांवरून फिरायचो आणि खाली येऊन तुला सांगायचो. मिरचीला कळ्या आल्यात. कढीपत्त्यावर तू म्हणालीस तसं ताक शिंपडलं. घेवड्याच्या शेंगा वाळल्यात, काढू का? तू डोळे मिटून ऐकायचीस आणि मध्येच ओठ हलायचे, मनातल्या मनात कुठल्यातरी ड्रमपाशी थांबल्यासारखे. इतकी वर्षं तू बोलत होतीस आणि मी हं म्हणत होतो. त्या महिन्यात मी बोलत होतो आणि तू हं म्हणत होतीस. रंजना, मला ते फार आवडायला लागलं होतं. हे सांगायला लाज वाटते, पण तुझ्या आजारपणातले ते दिवस मला सुखाचे वाटले. कदाचित म्हणूनच ते बोलणं मला थांबवता आलं नाही.

मग चैत्रातलं ऊन सुरू झालं. एका आठवड्यात तुझी तब्येत फारच बिघडली आणि माझं वर जाणं राहून गेलं. पुन्हा गेलो तेव्हा ड्रममधली माती विटेसारखी आवळली होती. कडेनं फट पडली होती. मी पाइप सोडला. पाणी क्षणात खालच्या भोकांतून बाहेर आलं, फरशीवर पसरलं. मला वाटलं, झालं, पोट भरलं. नळ बंद केला. दुपारी पानं माना टाकायची, संध्याकाळी मी आणखी पाणी सोडायचो, तेही तसंच फटीतून खाली जायचं. मुळांपर्यंत त्यातला थेंबही पोचत नव्हता. रोज पाणी घालत होतो आणि रोज झाडं तहानेनं मरत होती. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की मी सगळं करतोय आणि तरी ती जात आहेत.

तू विचारलंस, "वांगी कशी आहेत?"

मी म्हणालो, "छान."

ही पहिली थाप. मी स्वतःला समजावलं की तुझं हृदय कमजोर आहे, हे तुला झेपणार नाही. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला तुझ्या तोंडून "तुम्हले काय समजस" ऐकायचं नव्हतं. त्या वेळी ते मस्करीत नसतं, खरं असतं.

पुढचं तर मला लिहवत नाही. टोमॅटोची झाडं वाळली, आणि तू रोज विचारायचीस, पिकले का? पाथर्डी फाट्यावरच्या हातगाडीवरून मी टोमॅटो घ्यायला लागलो. फार लाल नसलेले, जरा वेडेवाकडे, निवडून. गाडीवाला म्हणायचा, "काका, चांगले सोडून हे काय उचलता?" घरी आलो की आधी वर जायचो, त्यांना ड्रममधली माती चोळायचो आणि ताटलीत ठेवून तुझ्यासमोर आणायचो.

"अगं बाई, एवढे?"

"अजून आहेत. दोन-चार दिवसांत पिकतील."

तू एक हातात घेतलास आणि देठाच्या जागी अंगठा फिरवलास. बराच वेळ फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "यंदा साल जाड झालीय." बस, एवढंच. मला कोशिंबीर करायला लावलीस आणि जेवताना म्हणालीस, "गोड आहे हो. तुमच्या हाताला गुण आहे."

असं तू मला आयुष्यात एकदाच म्हणालीस.

गच्चीचं पाणी ज्या पाइपातून खाली येतं तो तुझ्या खिडकीला लागून आहे. एकदा मी वरून आलो तर तू त्याच्याकडे कान देऊन पडली होतीस.

"पाणी लगेच खाली येतंय का हो? मुरत नाही का?"

"मुरतंय की. आज फरशी धुतली, त्याचं आहे ते."

तू कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंस.

तिथं मी बोलायला हवं होतं. हो, लगेच खाली येतंय, काय करू? एवढं विचारायचं होतं. तू पडल्या पडल्या उत्तर दिलं असतंस. काठीनं माती टोचा, तांब्याभर पाणी घाला, थांबा, पुन्हा तांब्याभर घाला. तेव्हा अजून वांगी जिवंत होती. मिरची जिवंत होती. पण विचारायचं म्हणजे आधीचं सगळं कबूल करायचं, टोमॅटोसकट.

आणि मग आखाजी आली. तुझ्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, हे मला तू लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी भांडून शिकवलं होतंस. त्या दुपारी तू उशीला टेकून बसलीस. वेणी घालून घेतली होतीस शेजारच्या वहिनींकडून.

"आज आखाजी. माहेरी नेऊ नका, पण वर तरी न्या मला."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"चढू नका म्हणालेत. खुर्चीत बसू नका असं नाही म्हणाले. एका बाजूनं तुम्ही धरा, एका बाजूनं शेजारचे भाऊ. एकदा सगळ्यांना बघते आणि येते."

"हट्ट करू नकोस, रंजना."

"हट्ट कुठं करतेय? विचारतेय."

माझा आवाज चढला. तुला कळत कसं नाही, तुझ्या जिवापेक्षा झाडं मोठी आहेत का, मला अजून काय काय बघायचंय, असं काहीतरी बोललो. तू "बरं" म्हणालीस आणि वेणी पुढे घेऊन तिच्याशी चाळा करत बसलीस.

डॉक्टरांचं मी फक्त नाव घेतलं. खुर्चीतून तुला नक्की नेता आलं असतं. शेजारचे भाऊ तर स्वतःहून विचारून गेले होते. मी नेलं नाही, कारण वर काहीच उरलं नव्हतं आणि ते तुला दिसलं असतं. माझी थाप उघडी पडू नये म्हणून मी तुला तुझी गच्ची शेवटची बघू दिली नाही. हे असं सरळ लिहायला मला फार जड गेलं.

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. दुपारी चहा मागितलास, मी आधण ठेवलं, आणि कप घेऊन आलो तेव्हा तू नव्हतीस.

त्याच संध्याकाळी आत्यानं सांगितलं, "सुतकात झाडांना हात लावायचा नाही हं कोणी. जळतात." माझी आई गेली तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं, आणि तू सगळ्यांच्या देखत बादली उचलली होतीस. "झाडाला कसलं सुतक? त्याची सासू थोडीच गेलीय." आत्या महिनाभर तुझ्याशी बोलली नव्हती. मी मात्र या वेळी तिचं अगदी मनापासून ऐकलं. ज्या माणसानं आयुष्यात कधी सोवळं-ओवळं मानलं नाही, त्यानं ते दहा दिवस असं कडक सुतक पाळलं की आत्यालाही नवल वाटलं. मला कुणी वर जायला नको होतं. आणि सुतक संपल्यावर किल्ली मीच आत्याच्या हातात दिली, गोधड्या वाळत घाल म्हणून. बघणारी ती असावी, असं मी ठरवलं होतं. पुढची गोष्ट तिनं तयार केली. मला काही बोलावंही लागलं नाही.

पण सुरेश तुझा भाऊ आहे, आणि डाळिंबवाला आहे. तेराव्याच्या संध्याकाळी परत निघताना म्हणाला, "दाजी, ताईचं डाळिंब बघून जातो." मला नाही म्हणता आलं नाही. त्यानं कोपऱ्यातली सळई उचलून ड्रममध्ये खुपसली. ती हातभरही आत जाईना. त्यानं जोर लावून माती फोडली, मुठीत घेतली, आणि ती पिठासारखी खाली पडली.

"हे दहा दिवसांचं नही शे, दाजी."

मी ड्रमवरची वाळकी पानं वेचायला लागलो.

त्यानं खोडावर नख लावून साल खरवडली. वरच्या फांद्या करड्या, वाळक्या. बुडाशी त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं. "आम्हीबी ताण देतो बहारासाठी. महिना महिना पाणी तोडतो. पण जमिनीतल्या झाडाची मुळी खाली जाऊन ओल शोधते. ड्रममधली बिचारी कुठं जाईल?" मग तो अचानक थांबला. "ताईनं मला हेच विचारलं होतं."

"काय?"

"ड्रममधल्या डाळिंबाला ताण किती सोसवतो. मी म्हटलं, बहार धरायचाय का? तर म्हणे, नाही रे, सहज विचारलं."

"कधी?"

"आखाजीला. दरवर्षी फोन करतो ना मी तिला, सकाळी."

सकाळी तू त्याला विचारलंस. दुपारी वेणी घातलीस आणि मला म्हणालीस, वर न्या.

मी सुरेशला सगळं सांगितलं. वाळलेल्या वेलाशेजारी उभा राहून, टोमॅटोपासून. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "माती चोळली? टोमॅटोले?" आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता तो तिथंच ड्रमच्या कडेवर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. "ताईले फसवणं आमना बापले जमनं नही, दाजी," एवढंच म्हणाला.

तू ओळखलं होतंस. कधीपासून, ते मला कधीच कळणार नाही. साल जाड म्हणालीस तेव्हा? पाइपाला कान लावलास तेव्हा? तुझी बाग गेली हे ठाऊक असताना तू तो बाजारातला टोमॅटो खाल्लास आणि माझ्या हाताला गुण आहे म्हणालीस. ती माझी कीव होती की तो टोमणा होता? की तू मला सांभाळत होतीस, कारण तुझ्यानंतर मला सांभाळणारं कुणी नाही हे तुला दिसत होतं? मी रोज यातलं एक उत्तर खरं मानतो आणि ते दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

मला तुझा रागही येतो, रंजना. तू बोलली का नाहीस? ओरडायचं होतंस. अहिराणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. वांगी वाचली असती. मिरची वाचली असती. मी तुझ्या पाया पडून सगळं कबूल केलं असतं आणि तुला खुर्चीत बसवून त्याच दुपारी वर नेलं असतं. तू मला एक संधी दिलीस, वर न्या म्हणालीस, आणि मी ती ओळखलीच नाही. दुसरी का दिली नाहीस?

परवा मीनलला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मला ती आधीचीच गोष्ट हवी होती." पुन्हा फोन आलेला नाही. आत्याला अजून सांगायचं आहे. शेजारच्या वहिनींना सांगायचं आहे. पण आधी तुला सांगायला हवं होतं, तेच राहिलं होतं.

तर वरचं खरं असं आहे. टोमॅटो गेले. मिरच्या गेल्या. दोडक्याचा वेल जाळीवर वाळून सुतळीसारखा झालाय, तो ओढून काढायला माझा हात धजत नाही. हिरव्या वांग्याचं बी तू कुठंतरी ठेवलं असशील. मी स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडून पाहिला, सापडलं नाही. कढीपत्त्याच्या बुडाशी एक लालसर टोक दिसतं, ते कोंब आहे की काटकी, मला कळत नाही. डाळिंबाच्या वाळक्या फांद्या सुरेशनं कापून टाकल्या, आता नुसतं कमरेएवढं खोड उभं आहे. त्यानं शिकवलं तसं तांब्याभर पाणी घालतो, थांबतो, पुन्हा घालतो. तुझ्या खिडकीशेजारच्या पाइपातून आता थेंब येत नाही. जिथं त्यानं नख लावलं होतं तिथं काल मला हिरवट वाटलं. आज सकाळी उजेडात पुन्हा पाहिलं. वाकून, चष्मा पुसून पाहिलं. हिरवं म्हणावं तर म्हणता येत नाही, वाळलेलं म्हणावं तर तेही म्हणवत नाही. मला ठाऊक नाही, रंजना. खरंच ठाऊक नाही.